मळीची रम की उसाच्या रसाची: मित्रांच्या बैठकीसाठी काय निवडावे?

बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या पट्ट्यात ऊस हा घराघरांतला विषय आहे, पण उसाच्या मद्यांची चव घ्यायला मित्र जमतात तेव्हा टेबलावर बहुधा काळी रमच येते. अशी संध्याकाळ ठरवणाऱ्याने ब्रँड निवडण्याआधी मद्य मळीचे हवे की रसाचे, हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर जो दाट काळसर द्रव उरतो, ती मळी. ती टाक्यांत साठवता येत असल्यामुळे गाळप संपल्यावरही डिस्टिलरी चालू राहू शकते आणि म्हणूनच ही रम तुलनेने स्वस्त पडते. मोहन मीकिन कंपनीची १९५४ पासून मिळणारी ओल्ड मंक याच जातीची. तिची तीव्रता ४२.८ टक्के आहे. तिच्यात व्हॅनिला, जळकी साखर आणि लाकडी पिंपाचा वास पुढे येतो, ऊस मात्र मागे राहतो.

रसाच्या रमचे गणित वेगळे आहे. काढलेला रस काही तासांतच आंबू लागतो, त्यामुळे ती तोडणीच्या हंगामात आणि उसाच्या फडाजवळच करावी लागते. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावरच्या अशा रमला १९९६ मध्ये फ्रान्सने मूळस्थानाचा कायदेशीर दर्जा (आपल्या भौगोलिक मानांकनासारखा) दिला. ब्राझीलची ‘कशासा’ ही दारूसुद्धा रसाचीच असून तिची तीव्रता ३८ ते ४८ टक्के ठेवावी लागते. आपल्याकडे हरियाणातील इंद्री येथे होणारी कॅमिकारा या वर्गात मोडते. रसाच्या न मुरवलेल्या पांढऱ्या रमचे दोन थेंब तळहातावर चोळून, स्पिरिट उडून गेल्यावर हुंगावेत: हिरव्या पात्याचा आणि ओल्या चिपाडाचा जो वास येतो, तो गुऱ्हाळावर उभे राहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येतो. आपल्या भागातल्या मंडळींनी ही रम एकदा तरी चाखावी, असे मला मनापासून वाटते ते यासाठीच.

तरीही जेवणाबरोबर मी मळीचीच रम सुचवीन, कारण सुक्क्या मटणाच्या मसाल्यापुढे रसाच्या रमचा नाजूक वास टिकत नाही. रसाची रम जेवणाआधी, थोड्या पाण्यासह किंवा कागदी लिंबू व साखर घालून घ्यावी. कोलात मिसळायची असेल, तर रसाच्या महाग बाटलीवर पैसे घालवू नयेत.

गुळापासूनही रम होते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीची टू इंडीज ही कॅरिबियन रम आणि भारतीय गुळाची रम यांचे मिश्रण आहे. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेल्या हातभट्टीशी मात्र तिची गल्लत करू नये: त्या दारूत मिथेनॉल असण्याचा धोका असतो आणि त्याने डोळे किंवा जीवही जातो.

चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन बाटल्या आणायचा बेत असेल, तर दोन्ही राज्यांचे अबकारी नियम आणि परवाना आधी पाहावा. बजेट एकाच बाटलीचे असेल आणि मंडळी जेवायला थांबणार असतील, तर मळीची जुनी रम घ्यावी. दोन बाटल्या परवडत असतील, तर रसाची आधी उघडावी, प्रत्येकाला अर्ध्या लहान पेगाहून जास्त ओतू नये आणि गाडी चालवणारा गडी न पिणारा असावा.