नऊ महिने वापरलेला मल्टीमीटर, आणि लाल वायरीचं भोक

शेतावर साडेसात एचपीची मोटर, घरी इन्व्हर्टर, आणि वायरमन आज बोलावला तर परवा उगवतो. म्हणून मीटर घरात लागतोच. आधीचा पिवळा, अडीचशे रुपयांचा होता. ट्रॅक्टर बंद असताना बॅटरी का उतरते ते बघायला चुलतभावाने लाल वायर १० अँपिअरच्या भोकात खोचली आणि तशीच सोडली. संध्याकाळी मी प्लगमधलं व्होल्टेज बघायला गेलो. डायल बरोबर एसी व्होल्टवर होती, पण त्या भोकाच्या आत नुसती जाड तार असते. थोडक्यात, फेज-न्यूट्रल मीच शॉर्ट केलं. फाट्कन आवाज, प्रोबचं टोक वितळलं, एमसीबी पडला. भोकाजवळ ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असं छापलेलं होतं; वाचतो कोण!

नवा घेतला तो दोन हजारांच्या वरचा: ट्रू आरएमएस (इन्व्हर्टरच्या वेड्यावाकड्या लाटेचाही खरा आकडा दाखवणारा), कॅट थ्री ६०० व्होल्ट (कॅट म्हणजे लाइनवरचा झटका सोसायची श्रेणी), अँपिअरच्या भोकांना सिरॅमिकचे एचआरसी फ्यूज, म्हणजे मोठा करंटही न फुटता तोडणारे. घरातल्या प्लगला कॅट टू पुरतो, पण मेन बोर्ड आणि मोटरचा स्टार्टर इथे कॅट थ्रीच हवा, कारण लाइनवर अचानक येणारा झटका तिथे जोरकस असतो. मीटरच्या वायरींवरही तेवढंच रेटिंग छापलेलं पाहिजे. खांबावरून मीटरपेटीत येणाऱ्या वायरीला मी हातच लावत नाही.

खरा उपयोग झाला पावसाळ्यात. मोटर चालता-चालता गुरगुरायला लागली, पाणी उचलेना. तीन फेजमध्ये दोन-दोन धरून ४१५च्या आसपास यायला हवं. मोटर चालू ठेवून मोजलं तर तिन्ही जोड्यांत आकडा बऱ्यापैकी दिसला, म्हणून आधी फसलो. एक फेज गेली तरी फिरती मोटर तिकडे उलटं व्होल्टेज देते. मोटर बंद करून किटकॅट फ्यूजच्या पुढे-मागे मोजलं, तेव्हा उडालेला फ्यूज सापडला.

आणखी एक फसवणूक. बंद पंख्याच्या वायरीवर हा मीटर ७०-८० व्होल्ट दाखवतो. त्याचा रोध १० मेगाओहम, त्यामुळे शेजारच्या चालू वायरीचा नुसता प्रभावही त्याला दिसतो. ६० वॉटचा बल्ब समांतर लावला की आकडा शून्यावर येतो. लो-झेडची (मोजताना मीटरचा रोध कमी करायची) सोय असती तर हा उद्योग वाचला असता. या किमतीत द्यायला हवी होती. शून्य दिसलं तरी लगेच विश्वास ठेवत नाही: आधी चालू प्लगवर मीटर तपासतो, मग बंद केलेली वायर बघतो, मग पुन्हा चालू प्लग. बॅटरीचं चिन्ह लुकलुकत असेल तर मोजतच नाही.

तक्रारी किरकोळ. कंटिन्युइटीचा (वायर अखंड आहे का ते सांगणारा) बीप उशिरा येतो. स्क्रीनचा दिवा दहा सेकंदांत विझतो. रात्रीच्या लाइटीला विहिरीवर गेलेल्यालाच त्याचा त्रास कळेल.

मार्चमध्ये मी तीच चूक पुन्हा केली, लाल वायर अँपिअरमध्ये, प्रोब प्लगमध्ये. या वेळी नुसतं ‘टक्’ झालं. फ्यूज गेला, मीटर शाबूत. तालुक्यात तसला फ्यूज मिळाला नाही, दुकानदार काचेचा देत होता. नाही घेतला. ऑनलाइन मागवला, आठ दिवस लागले. तोवर त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. फ्यूज बसवून महिना झाला, पट्टी अजून काढलेली नाही. चुलतभाऊ विचारतो, ही कशाला?