2 टीबीची एसएसडी म्हणून विकलेलं 64 जीबीचं कार्ड

डबीवर 2 टीबी. विंडोजमध्ये 1.95 टीबी. प्रत्यक्षात 58.2 जीबी. आकडे आधीच देऊन टाकतो, सगळा मनस्ताप या तीन आकड्यांचाच आहे. या पोर्टेबल एसएसडीवर 412 जीबी चढवला, त्यातला 353.8 जीबी कुठेच लिहिला गेला नाही. किंमत होती खऱ्या 2 टीबी एसएसडीच्या एक अष्टमांश. आता ‘इतकं स्वस्त मिळतंय तेव्हाच कळायला हवं होतं’ असं ऐकवणारे येतीलच. त्यांनी आधी त्या विक्रीच्या पानावरचे पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचावेत. ते सगळेच काही विकत घेतलेले नसतात. लोक ड्राइव्ह लावतात, 1.95 टीबी दिसतं, दोन सिनेमे कॉपी करून बघतात आणि तारे देऊन मोकळे होतात. पहिल्या 58 जीबीपर्यंत ही डबी अगदी सरळ वागते. बिंग फुटतं तोवर अभिप्राय देऊन झालेला असतो आणि परत करायची मुदतही टळलेली असते.

कंट्रोलरच्या (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये, खोटी क्षमता भरलेली असते, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यापुढे दोन प्रकार होतात. काही डबड्यांत जागा संपली की लिखाण पुन्हा सुरुवातीला येऊन आधीच्या फाइलींवर बसतं. असा ड्राइव्ह लवकर ‘रॉ’ (विंडोजला न वाचता येणारा) दिसायला लागतो, ‘फॉरमॅट करा’ म्हणतो आणि पकडला जातो. दुसरा प्रकार जास्त हलकट. जागा संपल्यावर आलेला प्रत्येक बाइट तो घेतो, ‘लिहिला’ म्हणून सांगतो आणि फेकून देतो. फाइल सिस्टिमची तक्ती, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, सुरुवातीच्या खऱ्या भागात असल्यामुळे फाइलींची नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी दिसतं. आमच्या वाट्याला हाच आला.

आता जिथे चपापायला हवं होतं ती जागा. कॉपी 18 एमबी प्रति सेकंदाने चालली होती. एसएसडीसाठी हा वेग लाजिरवाणा आहे. साधी यूएसबी 3 एसएसडी 400 एमबीने लिहिते आणि 412 जीबी अठरा मिनिटांत उरकते. पण वेग कमी असला की जो तो एकच सल्ला देतो: केबल बदल, हब काढ, मागच्या पोर्टात लाव. तेच केलं. आणि 58 जीबीच्या आसपास वेग 18 वरून एकदम 34 वर गेला! केबलचाच दोष होता म्हणून हायसं वाटलं. प्रत्यक्षात कार्डावर लिहिण्याचं काम तिथेच संपलं होतं. पुढचा सगळा डेटा नुसता यूएसबी 2 च्या तारेतून येत होता आणि कचऱ्यात जात होता, म्हणून तो पळत होता. कॉपी करताना मध्येच वेग दुप्पट झाला तर खूश होऊ नका, ताबडतोब थांबवा.

दुसरी खूण त्याहून सोपी, आणि तीच डोळ्यांसमोर असून निसटली याची जास्त चीड येते. खरी 2 टीबी ड्राइव्ह विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसते. कंपन्या 1000 ने मोजतात, विंडोज 1024 ने, हे तर शाळेतली पोरंही सांगतात. मग 1.95 कसं? 1.95 टीबी म्हणजे 2,144 जीबी. डबीवर लिहिल्यापेक्षा जास्त माल देणारा दानशूर विक्रेता कुठे असतो! ठगाने खोटा आकडा भरताना तो ‘जवळजवळ 2’ दिसावा एवढंच पाहिलं होतं. 2 टीबी म्हणून विकलेली वस्तू विंडोजमध्ये 1.95, 1.99 किंवा पूर्ण 2.00 दाखवत असेल तर ती खोटी, पुढे काही तपासायची गरज नाही.

कॉपी झाल्यावर लगेच, नुकत्याच गेलेल्या काही फाइली उघडून पाहिल्या होत्या, बरं का. सगळ्या उघडल्या. नुकतीच कॉपी झालेली फाइल विंडोज बऱ्याचदा रॅममधूनच वाचून दाखवतं, ड्राइव्हपर्यंत जातच नाही. तपासायचं असेल तर आधी ड्राइव्ह नीट इजेक्ट करा, काढून परत लावा आणि मगच फाइली उघडा. नंतर तसं केलं तेव्हा फोटोंच्या जागी करड्या चौकटी होत्या. एक फोटो हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडला. आकार बरोबर 4.2 एमबी. जेपेगची सुरुवात एफएफ डी8 एफएफ अशी असते. इथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 00 00 00 00. खोलवरचे काही फोल्डर तर चक्क रिकामे, कारण त्यांची स्वतःची यादीच 58 जीबीच्या पलीकडे पडली होती. लोक याला व्हायरस समजून अँटिव्हायरस चालवत बसतात.

विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, वेळ जाईल. ते फाइल सिस्टिमची तक्ती तपासतं आणि तक्ती शाबूत असते. रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या फंदात तर अजिबात पडू नका. ते फाइलींची लांबलचक यादी दाखवतं, पैसे भरायला लावतं आणि त्याच शून्यांनी भरलेल्या फाइली परत देतं. जे लिहिलंच गेलं नाही ते परत काय आणणार?

डबी उघडली की आत एसएसडी नसतेच. बोटाच्या पेराएवढा सर्किट बोर्ड, त्यावर ग्लू गनच्या गोंदाने चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि वजन यावं म्हणून कधीकधी लोखंडी पट्टी. यूएसबी-ए कनेक्टर निळा असला तरी आत डोकावून पाहा. यूएसबी 3 ला नऊ संपर्क (धातूच्या पट्ट्या) लागतात. इथे चारच होते, प्लास्टिक तेवढं निळं.

मग सुरू झाला तक्रारीचा तमाशा. विक्री संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेचं पहिलं उत्तर: ‘विंडोज 1024 ने मोजत असल्याने क्षमता थोडी कमी दिसते, हा दोष नाही.’ अहो, कमी दिसत नाहीये, जास्त दिसतेय! तक्रार वाचलीच नव्हती. दुसरं उत्तर: एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून पाहा. तिसरं: वस्तूला झालेल्या नुकसानीचा फोटो पाठवा. नुकसान फर्मवेअरमध्ये आहे, फोटो कशाचा काढणार? चाचणीचा अहवाल पाठवला तर ‘बाहेरचं सॉफ्टवेअर ग्राह्य नाही’. तोवर विक्रेता गायब आणि तेच फोटो, तीच डबी दुसऱ्या नावाने त्याच संकेतस्थळावर हजर. आधीचा अहवाल जोडून नव्या पानाची तक्रार केली, तर ‘आपण ही वस्तू या विक्रेत्याकडून घेतलेली नाही’. पैसे भरले त्या बँकेच्या लेखी वस्तू पोहोचली, व्यवहार पूर्ण. सायबर तक्रार घेणाऱ्यांच्या लेखी वस्तू हातात मिळाली, म्हणजे फसवणूक नाही, तो ग्राहक-वाद. ग्राहक-वादवाले म्हणतात क्षमता खोटी असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा, त्याचा खर्च ड्राइव्हच्या किमतीपेक्षा जास्त. प्रत्येक टेबलावर नियम आहे आणि प्रत्येक नियम ठगाच्या सोयीचा. एकाही माणसाने ‘ड्राइव्ह इकडे द्या, लावून बघतो’ म्हटलं नाही.

नवीन ड्राइव्ह आली की डेटा टाकण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हे क्षमता तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. ते 1 जीबीच्या फाइलींनी ड्राइव्ह भरतं आणि परत वाचून पडताळतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ3. या डबीवर अशी पूर्ण चाचणी करायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो, आणि ठगाला नेमकं हेच हवं असतं. त्यामुळे आधी व्हॅलिड्राइव्ह वापरा. ते ड्राइव्हवर सर्वदूर 576 ठिकाणी लिहून-वाचून बघतं, काही मिनिटांत निकाल. एफ3मधलं एफ3प्रोब ‘डिस्ट्रक्टिव्ह’ पर्यायाने चालवलं तर आतला डेटा जातो, म्हणून रिकाम्या ड्राइव्हवरच. पाकीट फोडल्यापासून चाचणीचा निकाल दिसेपर्यंत व्हिडिओ काढा. आणि ‘कट-पेस्ट’ कधीही नाही. कॉपी, इजेक्ट, परत लावणं, दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश (फाइलीतल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा) जुळवणं, त्यानंतरच मूळ फाइल पुसायची.

एफ3मधल्या एफ3फिक्सने 58 जीबीचं विभाजन (पार्टिशन) करून तीच ड्राइव्ह वापरता येते असं सांगणारे भेटतील. येते, पण आतली फ्लॅश कुठल्या रद्दीतून उचलली आहे कुणाला ठाऊक. तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका.

परताव्यासाठी ड्राइव्ह मागितलीच, तर लक्षात ठेवा: तुमचा पहिला 58.2 जीबी आत व्यवस्थित आहे. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट करून पाठवलात तर तो साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही निघतो. सगळं पुसा, मग 60 जीबीच्या पुढे जाईपर्यंत कचरा फाइली भरा आणि मगच पार्सल बंद करा.