१९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल: १६ महिने चालवल्यानंतर

मोटरसायकलचा फोटो टाकला की पुण्यातल्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ट्रायम्फ? म्हणजे आपल्या चाकणचीच ना?" त्यांचंही बरोबर आहे, २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बजाज चाकणलाच बनवते. माझी मात्र इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडेनची. तो कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. नाव दुसऱ्याने विकत घेतलं आणि इंग्लंडमध्येच हिंकलीला नवा संसार मांडला. थोडक्यात, माझ्या गाडीला माहेर उरलेलं नाही.

मी कोल्हापूरचा, नोकरीमुळे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. गाडी बॉनव्हिलचं टी१२०आर मॉडेल, ६४९ सीसी, दोन सिलिंडर, चार गिअर. अमेरिकेत विकली गेलेली, तिथून नव्वदच्या दशकात जर्मनीत आलेली आणि मग एका शेतकऱ्याच्या कोठारात धूळ खात पडलेली. कागद चोख होते. ५,४०० युरोला घेतली, वर ४,७०० घातले. खोलून जोडायला ७ महिने लागले. आता १६ महिने झाले, ४,१०० किलोमीटर झाले.

आधी इंजिनाबद्दल, कारण विकत घेणाऱ्यांची फसगत तिथेच होते. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकशाफ्टच्या पोटात एक नळी असते. क्रँक फिरताना तेलातला जड कचरा त्या नळीत फेकला जातो आणि तिथेच साचत राहतो. ती साफ करायची तर अख्खं इंजिन उघडावं लागतं, त्यामुळे कुणी त्या वाटेला जात नाही. नळीच्या तोंडाचा स्क्रू कारखान्याने पंच मारून जाम केलेला असतो. मी पंचची खूण ड्रिलने उडवली, गॅसने तापवला, तरी तीन संध्याकाळी त्याच्यावर गेल्या. आतून जे निघालं त्याला तेल म्हणवत नव्हतं. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तसं, फक्त काळंकुट्ट. स्क्रूड्रायव्हरने कोरून कोरून काढलं. तेलाचं भोक इतकं बारीक उरलं होतं की आणखी हजारभर किलोमीटरमध्ये बेअरिंग गेलीच असती. म्हणून विकणारा "इंजिन केलंय" म्हणाला तर एवढंच विचारा: स्लज ट्रॅप (म्हणजे हीच कचऱ्याची नळी) उघडला होता का? उत्तर द्यायला तो जरा घुटमळला तर नाही समजा.

पान्यांच्या बाबतीत १९६९ हे साल म्हणजे नुसता घोळ. कारखाना जुन्या ब्रिटिश आट्यांवरून यूएनएफ या इंचातल्याच नव्या आट्यांवर चालला होता, पण पोचला नव्हता. एकाच इंजिनावर दोन्ही प्रकारचे बोल्ट. मिलिमीटरचे पाने आणून नट गोल करून ठेवणारे आधीचे मालक मला पावलोपावली भेटले.

गिअर उजव्या पायाला. आण्णांच्या जुन्या बुलेटवर शिकलेल्या माणसाला यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. पण बुलेटचा पहिला वर आणि बाकीचे खाली. हिचा पहिला खाली आणि बाकीचे वर. दुसऱ्याच आठवड्यात, दुसऱ्यावरून तिसरा टाकायचा म्हणून सवयीने लिव्हर दाबला. पहिला पडला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक घसरत आडवं झालं. मागून येणाऱ्या बाईंनी काच खाली करून ठीक आहे ना विचारलं. मी मान डोलावली. हात मात्र थरथरत होते. पाय पूर्ण वळायला दोन महिने लागले.

चालू करायचा विधी मला आवडतो, बायकोला नाही. क्लच दाबून दोन-तीन किक, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग दोन्ही कार्बोरेटरचे टिकलर (पेट्रोल ओसंडवणारी बटणं) बोट ओलं होईपर्यंत दाबायचे. मग खरी किक. थंडीत तिसऱ्या-चौथ्या किकला लागते. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तेव्हापासून हे जमलं; आधी दर ५०० किलोमीटरला गॅप बघत बसायचो. मूळचं होतं तसंच ठेवणाऱ्यांनी खुशाल नाक मुरडावं.

रस्त्यावर? श्वेबिश आल्बच्या डोंगरातल्या वळणांवर ८०-९० च्या वेगात हिच्यासारखी गाडी नाही. १९६९ च्या आयल ऑफ मॅनवरच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलने बॉनव्हिलवर ताशी १०० मैलांच्या वर सरासरीने फेरी मारली, त्यावरूनच डनलॉपच्या टायरला टीटी१०० नाव पडलं. तेच टायर मी घातलेत. पण दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. ११० च्या पुढे आरशात एक ट्रक दिसतोय की दोन, कळत नाही, आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या. ऑटोबानवर दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जाणार नाही. पुढचा ड्रम ब्रेक नीट लावलेला असेल तर चांगला आहे. लांब उतारावर तापला की मऊ पडतो, तेव्हा गिअरवरच उतरायचं.

तेलगळतीचे विनोद सगळ्यांनी ऐकलेत. इंजिनाच्या भागांची जुळणारी तोंडं काचेवर घासून सपाट केली, ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) मोकळा ठेवला, तर बरंच थांबतं. सगळं थांबत नाही. इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेलाचा एक डाग पडला तरी चिठ्ठी येते, म्हणून खाली कायम ट्रे.

एका रविवारी आण्णांना व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकवला. ते उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर होते. अर्धं मिनिट ऐकून म्हणाले, "उजवीकडचा टॅपेट वाजतोय बघ."

"आण्णा, कालच लावलेत. इनलेट दोन थाउ, एक्झॉस्ट चार." (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

"लावला असशील. नट आवळलास का?"

इंजिन थंड झाल्यावर टॅपेटचं झाकण उघडलं. उजव्या एक्झॉस्टचा लॉकनट सैल, आणि फट मोजायच्या फीलरची दहा थाउची पट्टी आरामात आत गेली. (ही झाकणंही आपणहून सुटतात. एक मी वाटेत कुठेतरी सांडलं. तेव्हापासून निघताना चारही हाताने चाचपतो.)

सुटे भाग, आश्चर्य वाटेल, जवळपास सगळे मिळतात. बहुतेक इंग्लंडहून येतात, आणि २०२१ पासून त्यावर इथला १९ टक्के व्हॅट आणि कुरिअरवाल्याचं वेगळं शुल्क. दर्जाचा भरवसा नाही. नव्या बनावटीचे कार्बोरेटरचे रबर सहा महिन्यांत तडकले. सायलेन्सर मात्र उत्तम निघाले. खोक्यातून काढले तर आत चिठ्ठी, मेड इन इंडिया. लंडनवरून वळसा घेऊन, वर व्हॅट भरून, आपल्याकडचाच माल.

कागदोपत्री त्रास नाही. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीच्या नंबराला शेवटी एच लागतो आणि वर्षाला साधारण ४६ युरो कर बसतो. गंमत म्हणजे साध्या नंबरावर ६५० सीसीला जवळपास तेवढाच बसला असता. फायदा विम्यात होतो आणि मिरवण्यात.

वहीत हिशेब ठेवलाय: चालवायला घेतल्यापासून हातात पाना ९६ तास, गाडीवर अंदाजे ७० तास. हे आकडे उलटे हवे असतील तर आजची हिंकलीची बॉनव्हिल घ्या, ती छान गाडी आहे. जुनीच घ्यायची असेल तर १९६८ ते ७० मधली बघा. १९७१ ला तेल फ्रेममध्ये गेलं आणि सीट इतकी उंच झाली की माझ्या पाच फूट सहा इंचांना सिग्नलवर पाय टेकणं मुश्कील.

आण्णा जूनमध्ये येणार आहेत. पहिला गिअर खाली आहे हे त्यांना फोनवर तीनदा सांगून झालंय. "बघू," म्हणाले. तोवर पुढच्या पुशरॉड ट्यूबच्या बुडाशी पुन्हा ओलसर दिसतंय, सील मागवलंय.