डोंगलच्या 'ॲक्टिव्हेशन'मध्ये ४९,४६६ रुपये गेले, ठाणेकरांनो वाचा

डोंगलला, म्हणजे सिम घालून लॅपटॉपला लावायच्या त्या पेनड्राइव्हसारख्या नेटच्या डबीला, ॲक्टिव्हेशन नावाचा प्रकार नसतो. नसतो म्हणजे नसतो. सिम चालू असेल आणि त्यात रिचार्ज असेल तर डोंगल कॉम्प्युटरला लावायचं, लागलाच तर एपीएन (सिम कंपनीच्या नेटच्या सेटिंगचं नाव) टाकायचा, विषय संपला. त्यासाठी कुणी मोबाईलवर ॲप पाठवलं, 'दहा रुपये भरा' म्हटलं, की फोन तिथल्या तिथे कट करा. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, पण 'आपण नाही बाई असे फसणार' असं ज्यांना वाटतं त्यांनी मुद्दाम वाचा, कारण मलाही अगदी तसंच वाटायचं.

मी घरून अकाउंट्सची कामं करते, छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न वगैरे. राहायला घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. इकडे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, मेट्रोचं काम, त्यात सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायची खोदाई, आणि सारखी कुठल्या ना कुठल्या जेसीबीच्या दातात आमची फायबर केबल. जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची वीस तारीख डोक्यावर आणि नेट गुल. केबलवाला 'उद्या होईल मॅडम' वर गाडी ढकलतोय. हॉटस्पॉट का नाही वापरला हे मला घरातल्या प्रत्येकाने विचारून झालंय, त्यामुळे एकदाच सांगते. माझ्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी, दिवसभर क्लायंटचे फोन त्याच मोबाईलवर, पोर्टल मध्येच लॉगआऊट, आणि फोन एवढा तापायचा की हातात धरवायचा नाही. डोंगल घ्यायचं ठरवलं ते बरोबरच होतं, आजही तेच म्हणते.

स्टेशनला वेस्टला, सॅटिसच्या पुलाच्या आसपास, छत्री आणि टेबल लावून सिमवाले बसतात ना, तिथला एक. गळ्यात आयकार्ड, अंगात कंपनीच्या रंगाचा टीशर्ट, टेबलावर अंगठ्याचं मशीन. 'ताई फोरजी आहे, दीडशे एमबीपीएस, कुठलंही सिम चालतं, घरातले पाच जण वापरा.' डोंगलचे २,७९९, नवीन सिमचा पहिला रिचार्ज ३४९, मिळून ३,१४८ रुपये क्यूआर स्कॅन करून दिले. क्यूआरवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. पण आता मला सांगा, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या क्यूआरवर माणसाचंच नाव येतं, त्यात संशय काय घ्यायचा? बिल मागितलं तर म्हणे वॉरंटी कार्डावर शिक्का आहे तेच बिल. अंगठा लावला, मशीन बघून म्हणाला 'सर्व्हर डाऊन आहे ताई, परत लावा'. परत लावला. हा दुसरा अंगठा लक्षात ठेवा, त्याचं पुढे येतंय.

घरी आणून लॅपटॉपला लावलं तर आधी सीडी ड्राइव्ह असल्यासारखं काहीतरी उघडलं. ते नॉर्मल असतं, घाबरू नका, जुन्या डोंगलांमध्ये ड्रायव्हर आतच भरलेला असतो, आधी तो इन्स्टॉल होतो आणि मग ते मोडेम म्हणून दिसायला लागतं. मग ब्राउझरमध्ये कार्डावर लिहिलेला १९२.१६८.८.१ टाकला, पासवर्ड ॲडमिन, पेज उघडलं, सिग्नलच्या कांड्या फुल. आणि स्पीड? जीएसटीच्या पोर्टलचं पहिलं पान अर्धं उघडून गोल गोल फिरत बसलं.

डोंगलवरचा दिवा हिरवा होता. मला वाटलं हिरवा म्हणजे सगळं छान! बऱ्याच डोंगलांमध्ये हिरवा म्हणजे टूजी, निळा म्हणजे थ्रीजी आणि आकाशी म्हणजे फोरजी असतं. सेटिंगमध्ये नेटवर्क मोड बघितला तर ऑटो, फक्त थ्रीजी, फक्त टूजी एवढेच पर्याय, फोरजी यादीतच नाही. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मला टॅली येतं, ताळेबंद येतो, नेटवर्क मोड मी का शिकावा? फ्रीज घेताना त्याचा कॉम्प्रेसर उघडून बघतो का कुणी?

भाच्याने नंतर नखाने स्टिकर उचकटला. वर 'फोरजी एलटीई १५० एमबीपीएस', खाली मूळ लेबल 'एचएसपीए प्लस २१.६ एमबीपीएस, ९००/२१००'. म्हणजे शुद्ध थ्रीजी. आणि थ्रीजी चालणार कशावर? एअरटेलने २०२० मध्येच थ्रीजी गुंडाळलं, जिओ २०१६ ला आलं तेच फोरजी घेऊन, त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. माझ्या सिमला निदान टूजी मिळत होतं म्हणून तो हिरवा दिवा तरी लागला. डोंगल घेताय ना, खोक्यावर फोरजी लिहिलंय यावर जाऊ नका, बँड विचारा, म्हणजे ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते. बँड ३, ५ आणि ४० पाहिजेत, ते सांगता येत नसतील तर सरळ पुढे चालू लागा. परदेशातून आणलेली स्वस्तातली काही डोंगलं खरी फोरजी असतात पण आपल्याकडचे बँडच त्यात नसतात, तीही घेऊन उपयोग नाही.

इथपर्यंत ३,१४८ गेले होते. इथेच थांबलं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

वॉरंटी कार्डावर हेल्पलाइन नंबर होता. लावला, एका माणसाने उचलला, मराठीत, एकदम आदबीने. 'मॅडम मी पण ठाण्याचाच, वागळे इस्टेटला आपलं ऑफिस आहे.' आयएमईआय, म्हणजे डोंगलचा १५ आकडी ओळख नंबर, विचारला, मी डोंगलवरचा वाचून दाखवला, म्हणाला 'हां, यात ॲक्टिव्हेशन पेंडिंग दिसतंय, म्हणून टूजी स्पीड येतोय'. बघा किती बरोबर बोलला! दिवा हिरवा आहे हे मी सांगितलंही नव्हतं आणि त्याला टूजी माहीत. माहीत असणारच ना मेल्याला, त्यांनीच तर थ्रीजीचा डबा विकला होता. पण त्या वेळी वाटलं, अरे याच्यासमोर स्क्रीनवर सगळं दिसतंय.

व्हॉट्सॲपवर त्याने एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप, पाठवली, वर सिम कंपनीसारखाच लोगो. 'इन्स्टॉल करताना लाल वॉर्निंग येईल मॅडम, ती सगळ्यांनाच येते, तरीही इन्स्टॉल करा वर दाबा.' वॉर्निंग आली, तो म्हणाला होता तशीच आली, त्यामुळे उलट विश्वासच बसला. आणि मग तो चौकोन आला. 'या ॲपला एसएमएस पाठवण्याची आणि पाहण्याची परवानगी द्यायची का?'

हा तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच चौकोन दिसतो. मोडेम लॅपटॉपला लावलेलं, नवीन सिम त्या मोडेममध्ये, मग माझ्या मोबाईलवरचे, माझ्या जुन्या नंबरचे मेसेज त्याला कशाला वाचायचेत? पंखा दुरुस्त करायला आलेल्याने कपाटाची चावी मागावी तसला हा प्रकार. मी विचारलंसुद्धा, हे कुणी लक्षात घेत नाही! मी विचारलं 'एसएमएस कशाला?' तर म्हणाला 'ॲक्टिव्हेशन कोड ऑटोमॅटिक वाचला जातो मॅडम, तुम्हाला टाइप करायला नको'. बँकेचं ॲप पण ओटीपी आपोआप वाचतंच की. मग मी परवानगी दिली. आता ज्यांना 'मी तर दिलीच नसती' म्हणायचंय त्यांनी आपल्या फोनमधल्या किती ॲप्सना एसएमएस वाचायची परवानगी आहे ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि मग मला शिकवा.

पुढे 'रजिस्ट्रेशन १० रुपये', डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे. दहा रुपयांसाठी कोण घासाघीस करतं. मग 'अपडेट होतंय, पंधरा मिनिटं फोनला हात लावू नका' आणि स्क्रीनवर टक्के वाढत राहिले. तेवढ्यात लॅपटॉपवर, त्या टूजीवर रखडत उघडलेल्या मेलमध्ये, बँकेचा अलर्ट. १९,९९९. लगेच आणखी एक, १९,९९९. बँकेच्या हेल्पलाइनला सासूबाईंच्या फोनवरून लावला, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत असताना तिसरा, ६,३२०. मिळून ४६,३१८. आणि ते दहा रुपये कापलेच नाहीत हो, तेवढे प्रामाणिक निघाले.

असं काही झालं तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. लागत नाही, एंगेज येतो, लावत राहा. ट्रान्झॅक्शन आयडी, वेळ, खाते नंबर कागदावर लिहून मगच बोला, नाहीतर शोधता शोधता वेळ जातो. फोन परत चालू केलात की आधी ते ॲप काढा आणि ##००२# डायल करा, कॉल फॉरवर्ड लावून ठेवलेले असतात ते निघतात. माझे लावलेले होते.

१९३० वाल्यांनी तक्रार घेतली, नंबर दिला, तो ६,३२० चा तुकडा कुठल्यातरी खात्यात होल्ड झाल्याचं कळलं. बाकी दोन्ही १९,९९९ तोवर पुढे निघून गेले होते. इथवर ठीक. मग सुरू झाली ती खरी दगदग. आमच्या इथल्या पोलीस ठाण्यात म्हणतात डोंगल स्टेशनला घेतलंत, तिकडे जा. तिकडे म्हणतात पैसे घरी असताना गेले, तुमच्या हद्दीत जा. सायबरला म्हणतात रक्कम लहान आहे, ऑनलाइन टाकलीय ना, मग मेसेज येईल. रक्कम लहान! माझ्या तीन महिन्यांच्या फिया आहेत त्या. वर एक साहेब चहा पीत म्हणाले 'मॅडम तुम्ही तर शिकलेल्या दिसता'. शिकलेल्या बाईची तक्रार घ्यायची नाही असा नियम आहे का? नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायचीच असं स्पष्ट आहे. ते कलम छापून नेलं तेव्हा कुठे एकाने रजिस्टर उघडलं. म्हणजे कायदा पण आम्हीच घरून डब्यासारखा न्यायचा.

बँकेची तर आणखी वेगळी तऱ्हा. ओटीपी टाकून व्यवहार झालाय म्हणजे तुम्हीच केलाय, एवढंच एक वाक्य, मॅनेजर बदलला तरी वाक्य तेच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलंय, आणि कळवल्यानंतर जो व्यवहार होईल तो बँकेच्या माथी. मी त्यांच्याच हेल्पलाइनवर गाणं ऐकत ताटकळत असताना तिसरा व्यवहार झाला, मग मी 'कळवलं' कधी धरायचं? फोन लावला तेव्हा की त्यांनी उचलला तेव्हा? याचं उत्तर द्यायला कुणी तयार नाही. लेखी तक्रार देऊन पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती देतात. माझं तिकडे गेलंय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर डोंगलची तक्रार करायला गेले तर विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल. छत्रीचा पत्ता काय देऊ? टेबल तर दुसऱ्याच दिवशी गायब.

आणि तो दुसरा अंगठा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, मोबाईल नंबर आणि ओटीपी एवढंच लागतं. माझ्या नावावर एक नंबर जास्त, मी बघितलेलासुद्धा नाही असा, त्याच तारखेचा. सिम कंपनीच्या गॅलरीत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते 'हा तुमच्याच बोटाने घेतलाय मॅडम, सिस्टिममध्ये दिसतंय'. अहो तेच तर सांगतेय! पोर्टलवर 'हा माझा नंबर नाही' वर टिक केलं, मग काही दिवसांनी बंद झाला. तोवर त्यावरून कुणाकुणाला फोन गेले देव जाणे. 'सर्व्हर डाऊन' म्हणून दुसऱ्यांदा अंगठा मागितला की आधी मोबाईलवर काय मेसेज आलाय ते बघा, आणि घरी येऊन त्याच दिवशी पोर्टल तपासा, म्हाताऱ्या माणसांचंही तपासा.

जुनं किंवा टेबलावरचं डोंगल घ्यायची वेळ आलीच तर पैसे द्यायच्या आधी केवायएम (KYM), स्पेस आणि १५ आकडी आयएमईआय असा मेसेज १४४२२ ला पाठवा, मॉडेलचं नाव येतं. माझ्या डोंगलचा नंतर पाठवला तर उत्तरात भलत्याच कंपनीचा मोबाईल हँडसेट आला. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, तोही कागद मी फायलीला लावलाय, आणि डोंगल पंचनाम्यात घ्या म्हणून मागे लागलेय तर 'ठेवा तुमच्याकडेच' म्हणतात.

एपीएन सिम कंपनीच्या ॲपमध्ये किंवा साइटवर मिळतो. जिओचा जिओनेट, एअरटेलचा एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, इंग्रजीत लहान अक्षरात, मध्ये स्पेस न देता. युजरनेम-पासवर्ड रिकामे सोडायचे. एवढ्यासाठी मी त्या माणसाशी पाऊण तास बोलत होते.

स्टेशनजवळच्या त्या टेबलावरून आणखी कुणी डोंगल घेतलं असेल तर आपल्या यूपीआयच्या हिस्ट्रीत क्यूआरवरचं नाव बघा आणि वेगळी तक्रार टाका, रक्कम २,७९९ च असली तरी टाका. एकाच खात्यावर चार तक्रारी पडल्या तर बघू असं त्या चहावाल्या साहेबांनीच मला सांगितलंय. सध्या त्या खात्यावर माझी एकटीची आहे.