पावणेदोन लाखांचं घड्याळ घालून मोरी घासतो : १५ महिन्यांचा अनुभव

आधी ३८,५०० चा किस्सा, कारण त्याच्यामुळेच लिहायला बसलोय, नाहीतर मला कुठला वेळ.

गेल्या आठवड्यात घड्याळ पुढे पळायला लागलं. थोडंथोडकं नाही, दिवसाला दीड-दोन मिनिटं. आधी वाटलं मीच लावताना चुकलो असेन, परत लावलं, परत तेच. मग गेलो ऑथराइज्ड सर्व्हिस काउंटरवर. ब्रँडचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही, उगाच कुणाचा बोभाटा नको. एसीत बसवलं, पाणी दिलं, हातमोजे घातलेला मुलगा घड्याळ आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी कागद घेऊन बाहेर आला. फुल सर्व्हिस, ३८,५००, सहा ते आठ आठवडे. मी म्हटलं अरे वॉरंटीत आहे की. तर म्हणे, "सर, मॅग्नेटिझम वॉरंटीत येत नाही." म्हणजे तुला कळलंय की मॅग्नेट लागलंय! मग तेवढंच काढ ना बाबा. नाही, पॉलिसी आहे, उघडलं की पूर्णच करावं लागतं. अर्धा तास हुज्जत घातली. ३८,५०० मध्ये माझ्या वर्कशॉपला नवं वेल्डिंग मशीन येतं, हेही त्याला ऐकवलं, त्याला काय त्याचं.

तिथून तडक बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्या जुन्या घड्याळवाल्या काकांकडे. टपरीएवढी जागा, तीन पिढ्यांची. काकांनी ड्रॉवरमधून छोटं होकायंत्र काढलं, घड्याळ जवळ नेलं, सुई गर्रकन फिरली. "आ तो मॅग्नेट थई गई छे." मॅग्नेट उतरवायची निळी डबी काढली, घड्याळ वर ठेवलं, बटण दाबलं आणि दाबलेलं असतानाच घड्याळ हळूहळू वर उचललं. पाच सेकंद. मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. किती द्यायचे? पन्नास. मी शंभर दिले तर पन्नास परत केले.

कारण साधं आहे. आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेढे मॅग्नेट लागला की एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळत सुटतं. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट, आणि वेल्डिंगला काटकोन धरायचा तो लाल बाणासारखा मॅग्नेट दिवसातून वीस वेळा डाव्या हाताने उचलतो. घड्याळाने किती मॅग्नेट सोसायचा याचं आयएसओ ७६४ म्हणून जे स्टँडर्ड आहे ते ४,८०० अँपिअर प्रति मीटरपर्यंतच्या फील्डचं आहे, घरातल्या फोन-फ्रिजला अगदी चिकटवलं नाही तर पुरतं, आमच्या धंद्याला नाही. रोलेक्सने १९५६ मध्ये मिलगॉस काढलं ते अशाच लोकांसाठी, १,००० गाउसवालं (गाउस म्हणजे मॅग्नेटचा जोर मोजायचं माप). ओमेगाची हल्लीची १५,००० गाउस सोसणारी मॉडेल्सही आहेत. पण तेवढे पैसे असते तर मी वेल्डिंग कशाला केलं असतं.

आता घेतलंच का, तर आमच्या बाबांची एचएमटी जनता. सतरा ज्वेलची, चावीची. आयुष्यभर रुमालात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, लग्नमुंजीपुरती बाहेर. ते गेल्यावर मी काढली तर चालेना. याच काकांनी उघडून दाखवलं, तेल सुकून गोंद झालेलं. तेव्हाच ठरवलं, आपण घेतलं तर रोज घालायचं, मोरी घासतानाही. जून २०२४ मध्ये घेतलं, १,७८,०००. (खरे शौकीन याला लक्झरी म्हणणार नाहीत, माहितीये. मला विचारा.) मी वहीत हिशोब ठेवतो, किंमत भागिले दिवस. आज ३८१वा दिवस, काकांचे पन्नास धरून दिवसाला ४६७ रुपये. म्हणजे अजून महागच पडतंय.

मॉडेलची माहिती सगळ्यांना असतेच, सफायर काच, ३०० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, स्क्रूवाली चावी (बाजूची, फिरवून घट्ट बसवायची), फिरणारं बेझल (काचेभोवतीची कडी), स्टीलचा पट्टा. सरळ वापराचं सांगतो.

घेऊन अडीच महिने झाले नाहीत तर पूर आला. ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कुणाला सांगायला नको. जन्माष्टमीचा पाऊस, आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदी तळमजल्यात, आणि लोकांच्या सोसायट्यांतून मगरी पकडून नेत होते. पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला तो आम्ही चार दिवस फावड्याने काढला, आणि घड्याळ हातातच. बायको म्हणाली, "अहो, ते तरी काढून ठेवा." मी म्हटलं ठेवू कुठे, कपाटच ओलं आहे. पाण्याचं त्याला काही झालं नाही, पण रेतीने दोन गोष्टी केल्या. एक, बेझल जाम झालं, कोमट पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत बसलो तेव्हा कचकच करत सुटलं. दुसरं, पट्ट्याच्या मधल्या चकचकीत कड्या मॅट झाल्या. रेतीतला क्वार्ट्झ मोह्स स्केलवर ७, सफायर ९, म्हणून काचेवर एक ओरखडा नाही, स्टील मात्र मऊ पडतं. पहिला ओरखडा दिसला तेव्हा रात्री झोप नाही आली, खोटं कशाला बोलू. आता मोजत नाही.

उत्तरायणला मांजाने पट्ट्याच्या लॉकवर बारीक रेघ काढली, काच ठीक. कणीक मळताना कड्यांत पीठ जातं, लोणच्याच्या दिवसात तेल-हळद, दर रविवारी जुना टूथब्रश आणि साधं पाणी. गरम पाण्याने आंघोळ करताना मात्र काढतो, साबण आणि उष्णतेने पाणी अडवणारे आतले रबर गॅस्केट खराब होतात, ३०० मीटर लिहिलेलं असलं तरी.

आणि एक गोष्ट, लेथ, ड्रिल किंवा गाडीच्या बॅटरीचं काम असेल तर काढाच. घड्याळासाठी नाही, हातासाठी. स्टीलचा पट्टा बॅटरीच्या दोन टर्मिनलला एकदम लागला तर मनगट भाजतं, आणि फिरत्या मशीनमध्ये पट्टा अडकला तर काय होतं ते मी लिहीत नाही.

आता चावी.

ही चावी ज्या कोणी डिझाइन केली त्याने आयुष्यात फरशी पुसलेली नाही. हात मागे दुमडून जोर लावला, म्हणजे फडकं पिळताना, कणीक मळताना, जॅक मारताना, सिलिंडर सरकवताना, की चावी बरोब्बर तळहाताच्या मागच्या हाडावर टोचते. तिला करवतीसारखे दाते, बाजूला दोन टोकदार खांदे. वर्षभर तिथे लाल वळ आहे. बायकोला वाटलं गजकर्ण, मलम आणून दिलं. पट्टा सैल केला, घट्ट केला, एक कडी काढली, परत घातली, काही उपयोग नाही. स्क्रूवाली चावी रोलेक्सच्या ऑयस्टरमध्ये १९२६ पासून आहे, आणि १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ इंग्लिश खाडीत पोहली तेव्हा तिच्याकडे ते घड्याळ होतं अशी मोठी जाहिरात झाली. पण तिने ते गळ्यात अडकवलं होतं, हातात नाही! हातात असतं तर दर हाताला टोचलं असतं आणि पहिली तक्रार तिचीच आली असती. शंभर वर्षं होत आली, अजून कुणाला सुचू नये?

बरं टोचते ते टोचते, पण वर्षातून पाच वेळा उघडावीही लागते. तारीख! ३१ पेक्षा कमी दिवसांचा महिना संपला की पावणेदोन लाखांच्या घड्याळाला कळत नाही. १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर. चावी उलटी फिरवा, ओढा, तारीख बदला, दाबा, परत फिरवा. आणि रात्री नऊ ते पहाटे तीन हात लावायचा नाही, तेव्हा आतलं तारखेचं चक्र गुंतलेलं असतं, दाते तुटतात. माझ्या मते तारीख काढून टाका आणि चावी सपाट करा, घड्याळ दहापैकी दहा.

इथपर्यंत जूनच्या शेवटी लिहून ठेवलं होतं आणि टाकायचं राहिलं. बरंच झालं. कारण मग १ जुलै आला.

सकाळी तारीख बदलली, चावी दाबली, आणि तेवढ्यात बायको म्हणाली गच्चीवरची टाकी आजच साफ करा, पाऊस थांबलाय तोवर. गेलो. टाकीत उतरून तासभर घासलं, हात खांद्यापर्यंत पाण्यात. खाली येऊन वेळ बघतो तर काचेच्या आतून धुकं. चावी दाबली होती, फिरवली नव्हती. म्हणजे ३०० मीटरचं घड्याळ पाचशे लिटरच्या टाकीत बुडलं, आणि त्यात दोष कुणाचा हे मला मान्य करायचं नव्हतं, म्हणून अर्धा तास मी चावीलाच शिव्या दिल्या.

काकांकडे धावलो. त्यांनी मागचं उघडून ओल काढली, आणि मग जे म्हणाले ते मला आवडलं नाही. म्हणाले गॅस्केट बघून, बसवून परत प्रेशर टेस्ट करावी लागेल, मशीन माझ्याकडे नाही, तुम्ही कंपनीकडेच जा, उशीर करू नका, गंज धरेल. आणि पैसे घेतले नाहीत.

तर परत तोच काउंटर, तेच पाणी, तोच हातमोजेवाला मुलगा. मला बघितल्यावर त्याचा चेहरा पडला, माझाही पडला असेल. पण पोराने काही टोमणा मारला नाही. आत नेलं, वाळवलं, चावीचं आणि मागचं गॅस्केट बदललं, प्रेशर टेस्ट केली, पाचव्या दिवशी फोन. टॅक्ससकट २,३६०. मी म्हटलं आता नाही का फुल सर्व्हिस? म्हणे, "गरज नाही सर, मूव्हमेंट सुकी आहे." म्हणजे आतलं यंत्र. मॅग्नेटच्या वेळचा राग अजून आहे, तो जाणार नाही, ते ३८,५०० चुकीचेच होते. पण वर जे लिहिलंय ते वाचून काउंटरवाले सगळे लुटारू असं वाटत असेल तर तेवढं मागे घेतो.

आणि टोचण्याचं म्हणाल तर त्यावर उपाय निघाला, तोही फुकटात. पाच दिवस घड्याळ नव्हतं, परत आल्यावर चुकून उजव्या हातात घातलं. उजव्या मनगटावर चावी कोपराकडे जाते! टोचायचा प्रश्नच नाही. वळ गेला. मॅग्नेट मी डाव्या हाताने उचलतो, तेही घड्याळापासून लांब पडलं. वर्षभर मलम लावलं, आणि हे एवढंच होतं. फक्त हातोडी मारताना काढून खिशात ठेवतो, आणि प्रत्येक माणूस विचारतो डावखुरे का. सासऱ्यांनी दोनदा विचारलं.

आजचा हिशोब : ४७२ दिवस, दुरुस्ती धरून १,८०,४१०, म्हणजे दिवसाला ३८२. शंभराच्या खाली यायला अजून साडेतीन-पावणेचार वर्षं लागतील, पण तोवर खरीच फुल सर्व्हिस येईल आणि आकडा परत वर जाईल, तो विषय आत्ता नको.

घ्यावं का, असं मेहुणा विचारत होता. त्याचं ऑफिसचं काम आहे, त्याला म्हटलं तुझी चावी टोचणारच नाही, तू काय अनुभव घेणार.

नवरात्र चालू आहे, रोज रात्री गरब्याला घालून जातो, घाम आणि मैदानातला चिखल, सकाळी नळाखाली धरतो. बुधवारी १ ऑक्टोबर. फोनमध्ये सात वाजताचा गजर लावून ठेवलाय, "तारीख बदल, चावी फिरव, ओढून बघ". बायकोच्या फोनमध्येही लावलाय, कारण टाकी साफ करायला तीच पाठवते.