प्रॅम विकायला गेले आणि २,३४७.६० युरो घालवून बसले, जर्मनीत नवीन आलेल्यांनी वाचाच

जर्मनीत कुणी तुमची जुनी वस्तू विकत घेतोय आणि पैसे पाठवायला तुमचा कार्ड नंबर मागतोय, तर तिथेच ब्लॉक करा, बाकीचं नंतर वाचा. इथे पैसे घ्यायला नाव आणि आयबॅन, म्हणजे तुमच्या बँक खात्याचा नंबर, पुरतो, २२ अंक-अक्षरांचा. कार्डाचा नंबर नाही, मागचे तीन आकडे नाहीत, बँकेच्या ॲपमध्ये काही अप्रूव्ह करायचं नाही. नवीन आलो तेव्हा कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे चार लोकांनी समजावलं, पण हे कुणी सांगितलं नाही.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. मुलगा चालायला लागला म्हणून त्याची प्रॅम एका जुन्या वस्तूंच्या साइटवर १८० युरोला टाकली, इथे सगळेच असं विकतात-घेतात, त्यात वेगळं काही नाही. शनिवारी संध्याकाळी मेसेज आला. निदान नाव तरी बाईचं होतं, फोटोत कडेवर बाळ. म्हणाली साइटचं चॅट नीट चालत नाहीये, व्हॉट्सॲप नंबर द्या. तिचा नंबर +४९ चाच, म्हणजे जर्मनीचा. भाव केला नाही, चाकं कशी आहेत विचारलं नाही, बघायला येते म्हणाली नाही. जुनी प्रॅम घेणारी कुठलीही आई ब्रेक लागतो का एवढं तरी विचारते! डायरेक्ट म्हणाली कुरियरवाला घेऊन जाईल, पैसे मी साइटच्या सुरक्षित पेमेंटमध्ये भरलेत, या लिंकवर जाऊन घ्या.

लिंक उघडली तर हुबेहूब तीच साइट, तेच रंग, तोच लोगो, मी हॉलमध्ये काढलेला प्रॅमचा फोटो, आणि खाली १८० युरो तुमच्यासाठी जमा आहेत म्हणून.

आता ज्याला सांगावं तो म्हणतो की भारतात आर्मीवाला आहे सांगून क्यूआर पाठवतात तसंच हे, तुला कळलं नाही? धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आयटीतल्या." अहो माहीत होतं मला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही हे सासूबाईंना मीच शिकवलंय. पण इथे यूपीआय नाही, इथे प्रत्येक बँकेचं वेगळं टॅन ॲप, म्हणजे व्यवहाराला मंजुरी द्यायचं ॲप, ऑनलाइन काहीही घेतलं की ते ॲप उघडून अप्रूव्ह करायचं, आणि सगळं जर्मनमध्ये. परदेशात राहणाऱ्याचा निम्मा दिवस अर्धवट समजणाऱ्या स्क्रीनवर ओके दाबण्यात जातो. दर वेळी ट्रान्सलेट करून बघायला गेलं तर पेज टाइमआउट होतं.

पण एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते आणि झोप उडते. कार्ड नंबर टाकल्यावर त्या पेजने विचारलं, तुमच्या खात्यात सध्या किती शिल्लक आहे? खातं खरं आहे याची खात्री करण्यासाठी म्हणे. मला १८० युरो देणाऱ्याला माझी शिल्लक कशाला हवी? कुठली बँक असं विचारते? बँकेला ती माहीतच असते! तिथे हात थांबायला हवा होता. पण कोपऱ्यात सपोर्ट चॅट उघडलेलं, कुणीतरी घाईघाईने लिहितंय की पाच मिनिटांत पेमेंट रद्द होईल, मुलगा कुशीत रडतोय, नवरा कामासाठी बाहेरगावी. मी आकडा टाकला. मग टॅन ॲपवर अप्रूव्हल आलं आणि सपोर्टवाल्याने लिहिलं की पैसे जमा होण्यासाठी दाबा. दाबलं. ते अप्रूव्हल माझं डेबिट कार्ड दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनमध्ये चढवायचं होतं.

एकदा कार्ड त्यांच्या फोनमध्ये गेलं की तुम्हाला पुन्हा काही विचारत नाहीत, दुकानात फोन टेकवला की झालं. बर्लिनमधल्या दुकानांतून ९४९ युरो, मग ८९९, मग ४९९.६०. म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर.

कार्ड बंद करायचा नंबर ११६ ११६ आहे, चोवीस तास चालू. आत्ता सेव्ह करा, जर्मनीबाहेरून आधी +४९ लावायचं. मला हा नंबर माहीत नव्हता, मी बँकेच्या हेल्पलाइनवर लटकले होते आणि तोपर्यंत तिसरा व्यवहार झाला होता.

आणि मग पुढचं. भारतात निदान १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावता येतो, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायचा प्रयत्न तरी होतो. इथे पोलीस स्टेशनला गेले तर काउंटरवरच्या माणसाने कागदावर वेबसाइट लिहून दिली, ऑनलाइन तक्रार भरा. मी म्हटलं अहो दुकान माहीत आहे, वेळ माहीत आहे, आत्ता फोन केलात तर कॅमेऱ्यात माणूस दिसेल. तर म्हणे आधी तक्रार नोंदवा, मग संबंधित विभागाकडे जाईल. इथे डेटाच्या नियमांमुळे दुकानं कॅमेऱ्याचं फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, ही गोष्ट त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार ना? मग घाई कुणी करायची? काही महिन्यांनी सरकारी वकिलांच्या ऑफिसचं पत्र आलं, आरोपी सापडत नाही, तपास बंद. एक कागद. मला एक फोन नाही, एक प्रश्न नाही.

बँकेचं तर विचारूच नका. माझ्या कार्डावरून त्या खात्याच्या आयुष्यात कधी दुकानात ३०० युरोच्या वर खर्च झाला नव्हता, कार्ड नव्या फोनवर चढलं आणि लगेच शेकडो किलोमीटर लांब तीन मोठे व्यवहार, तरी यांची सिस्टिम गप्प. आणि मी पैसे मागितले तर पोस्टाने पत्र, की अप्रूव्हल तुम्ही दिलंत, हा घोर निष्काळजीपणा आहे, भरपाई मिळणार नाही. जर्मन कायद्यात ग्राहकाने परवानगी न दिलेला व्यवहार बँकेने परत करायचा असतो, आणि घोर निष्काळजीपणा होता हे बँकेने सिद्ध करायचं असतं. पत्रात सिद्ध काही केलेलं नाही, फक्त म्हटलंय. फोनवरची बाई मला जर्मन हळू बोलून दाखवत होती. भाषा कच्ची असली म्हणून अक्कल कच्ची नसते.

ऑक्टोबर २०२५ पासून युरो ट्रान्सफर करताना समोरच्याचं नाव आणि आयबॅन जुळतात का ते बँकेने आपल्याला दाखवायचं असतं, त्यावर विसंबून राहू नका, कार्डाला त्याचा काही उपयोग नाही. ॲपमध्ये कार्डाची रोजची लिमिट कमी करून ठेवा, मी आता २०० केलीय. साइटच्या बाहेर चॅटवर जाऊ नका. प्रॅम, सायकल, सोफा, काहीही असो, येऊन बघा आणि रोख द्या, एवढंच उत्तर द्यायचं. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात मी अर्धं उडवलं आणि तक्रारीत तेच मागितलं. घरी आई-वडील राहायला आले असतील आणि तुमचा फोन त्यांच्या हातात असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

बँकेने नकार दिला तरी गप्प बसू नका. बँकांच्या तक्रारींसाठी लवाद असतो, ग्राहकाला फुकट आहे, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. माझा अर्ज तिकडे गेलाय. कार्ड दुसऱ्याच्या फोनवर चढवून पैसे गेलेत आणि तरी पूर्ण परत मिळालेत असं कुणी असेल तर कुठल्या मुद्द्यावर मिळाले ते नक्की कळवा, मला पुढच्या पत्रात घालायचंय.