"तुमची इम्युनिटी बाळाला मारते" म्हणाला आणि 2 लाख 44 हजार 500 घेतले

तीन मिसकॅरेज, सगळे रिपोर्ट नॉर्मल, कारण कुणालाच सापडेना. अशा बाईला गंडवायला फार डोकं लागत नाही. मी अडाणी नाही हो, वाचून-बिचून गेले होते, पण "पुन्हा ट्राय करा" ऐकून विटले होते आणि या डॉक्टरने पहिल्यांदा कारण दिलं. बाळ अर्धं नवऱ्याचं, म्हणून तुमचं शरीर त्याला परकं समजतं, रक्तातल्या एनके सेल या पांढऱ्या पेशी म्हणजे नॅचरल किलर, नावातच आलं ना सगळं, म्हणे.

टेस्टचे 38,500. रिपोर्टवर एनके 14 टक्के आणि शेजारीच छापलेली रेंज 5 ते 20. मी बोट ठेवून विचारलं, सर हे तर नॉर्मलच आहे ना? त्याने लाल पेनने 14 भोवती गोल काढला. "ती लॅबची रेंज. प्रेग्नन्सीसाठी आमची लिमिट 12." आमची! तिथेच चप्पल घालून बाहेर पडायचं होतं. मी मान डोलावली. नवऱ्याने कार्ड काढलं.

मग नवऱ्याचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी माझ्या हातात कातडीखाली, 3 वेळा, 32,000 प्रमाणे 96,000. लाल गांधी उठायच्या, खाजवून जीव जायचा, आणि सिस्टर म्हणे छान रिअ‍ॅक्शन आलीय. हे अमेरिकेत 2002 पासून ट्रायलबाहेर देऊ देत नाहीत, कारण 1999 च्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा तर नाहीच, उलट घेतलेल्या बायकांनाच मुलं कमी झाली. हे मला पैसे गेल्यावर कळलं. नंतर इंट्रालिपिडचं दुधासारखं सलाइन, 5 वेळा, 1,10,000. बाटली वाचा कधी, सोयाबीन तेल आणि अंड्यातलं फॉस्फोलिपिड, ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना शिरेतून देतात ते.

चौथं आठव्या आठवड्यात गेलं. दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी या वेळी त्या गर्भाचे क्रोमोझोम तपासायला लावले, 16 नंबरचे दोनऐवजी तीन निघाले. यात इम्युनिटी कुठे आली? त्याच म्हणाल्या की रक्तातले एनके आणि गर्भाशयातले एनके वेगळे, आतले तर वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंद करायला मदत करतात. आणि जी इम्युनिटीची टेस्ट खरंच करायची असते, अँटीफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीची), 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा, पॉझिटिव्ह आली तर रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन, ती त्या महाशयांनी केलीच नव्हती!! ती आधी मागा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पहिल्या ऑफिसात म्हणे कन्सेंटवर सही तुमचीच आहे. हो आहे, सलाइनची सुई टोचलेल्या हाताने केलेली. दुसरीकडे म्हणे त्याच विषयातल्या डॉक्टरचं लेखी मत आणा, आणि तोंडावर "हे चूकच आहे" म्हणणारे तिघेही लिहून द्यायची वेळ आली की बिझी. तिसऱ्या ठिकाणी टेबलावरच्या माणसाने बिल उलटंपालटं करून "बिल तर खरं आहे, मग फसवणूक कसली?" असं विचारलं, आणि त्या खऱ्या बिलावर औषधाचं नावच नाही, नुसतं 'प्रोसीजर चार्जेस'. औषधाचं नाव नसलेलं बिल घेऊ नका, भांडा.

ओरिजिनल रिपोर्ट "फाइलला राहतील" म्हणून ठेवून घेतले होते. सात हेलपाटे मारून झेरॉक्स मिळाली, 41 पानं, नेमकं लाल गोलाचं पान गायब. त्या दिवशी नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला होता म्हणून, नाहीतर तेही माझंच खोटं ठरलं असतं.